७४१ किलोमीटरांचा भरवसा

कोकणातल्या सातबाऱ्यावर एकच नाव क्वचित सापडतं. पणजोबांच्या काळातली वाटणी तोंडी झालेली असते, पुढे चुलते-पुतणे वाढत जातात, निम्मे मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत गेलेले असतात, आणि दहा-बारा गुंठ्यांच्या तुकड्याला वीस-वीस सहहिस्सेदार लागतात. त्या तुकड्यात चार हापूसची कलमं, दोन माड, एक विहीर आणि बांधाच्या कडेला राखणदाराचं ठिकाण. अशा जमिनीवरून भाऊबंद पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात. १९९० साली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरांचा रेल्वेमार्ग टाकायचं ठरलं, तेव्हा महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातल्या सुमारे ४३ हजार जमीनमालकांकडून जागा घ्यायची होती. आपल्याकडे मोठ्या प्रकल्पांचं घोडं पेंड खातं ते इथेच. कोकण रेल्वेच्या बाबतीत हे काम बहुतांशी वर्षभरात उरकलं, आणि अनेकांनी वाडवडिलांच्या जमिनी आपणहून दिल्या.

कोकण रेल्वेचं कौतुक करताना आपण बोगद्यांची लांबी आणि पुलांची उंची सांगतो. ती सांगण्यासारखी आहेच. पण या मार्गातलं सगळ्यात मोठं नवल मला या संमतीत दिसतं. दगड फोडायला यंत्रं मिळतात, काँक्रीटला सूत्रं असतात. हजारो अनोळखी माणसांनी एका नव्या, हाती फारसं काही नसलेल्या कंपनीवर विसंबून राहावं यासाठी असं कोणतंही यंत्र नाही. तो विश्वास कसा उभा राहिला, कुठे तुटला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे बांधकामाच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहण्यासारखं आहे.

मुळात कोकणी माणसाने विश्वास ठेवावा असं फारसं काही घडलेलं नव्हतं. कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकरांनी आयुष्यभर अहवाल लिहिले आणि नकाशे काढले. बॅरिस्टर नाथ पै यांनी राजापूरचे खासदार म्हणून संसदेत हा विषय लावून धरला. १९७१मध्ये त्यांचं निधन झालं, आणि त्याच वर्षी निवडून आलेल्या मधु दंडवत्यांनी तो पुढे नेला. प्रत्यक्षात काय झालं? दिवा ते पनवेल गाडी १९६४ साली सुरू झाली, आपट्याला १९६६ साली पोहोचली आणि रोह्याला पोहोचायला १९८६ साल उजाडलं. शंभरेक किलोमीटरांना बावीस वर्षं. साधं त्रैराशिक मांडलं तर पुढच्या ७४१ किलोमीटरांना दीडशेहून अधिक वर्षं लागली असती. दरवर्षी अंदाजपत्रकात थोडी रक्कम टाकायची, ती मार्चअखेर खर्च करायची आणि पुढच्या वर्षीची वाट बघायची, ही ती रीत. कोकणातल्या दोन पिढ्या ‘रेल्वे येणार’ हे ऐकत म्हाताऱ्या झाल्या.

मग एक विलक्षण योग जुळून आला. १९८९च्या अखेरीस विश्वनाथ प्रताप सिंग यांचं सरकार आलं. त्यात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि मधु दंडवते अर्थमंत्री. एक जन्माने मंगळूरचा, दुसरा राजापूरचा खासदार. नियोजित मार्गाचं दक्षिणेचं टोक एकाचं, तर मार्गाचा मोठा टप्पा दुसऱ्याच्या मतदारसंघातला. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे कॉर्पोरेशन ही स्वतंत्र कंपनी नोंदवली गेली. १५ सप्टेंबरला रोह्यात पायाभरणी झाली. नोव्हेंबरात सरकार पडलंही. ते चार-पाच महिने वाया गेले असते तर हा मार्ग कदाचित आजही कागदावर राहिला असता.

कंपनीची धुरा ज्यांच्याकडे आली ते इलाट्टुवळपिल श्रीधरन नुकतेच रेल्वे बोर्डाचे सदस्य म्हणून निवृत्त झाले होते. वय ५८. त्यांच्या नावामागे तोवर एक गोष्ट कायमची जोडलेली होती, ती पांबनच्या पुलाची. डिसेंबर १९६४मध्ये चक्रीवादळाने रामेश्वरमला जोडणारा हा समुद्रावरचा पूल उद्ध्वस्त केला. धनुष्कोडीची गाडी प्रवाशांसकट वाहून गेली आणि पुलाचे बहुतेक गर्डर लाटांनी ओढून नेले. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिन्यांची मुदत दिली, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली, आणि ३२ वर्षांच्या श्रीधरन यांनी पूल ४६ दिवसांत उभा केला. नवे गर्डर दूरवरून मागवण्याची वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी बुडालेले गर्डर समुद्रतळातून वर काढून पुन्हा वापरले. ते कुठे पडलेत हे तिथल्या कोळ्यांना ठाऊक होतं. त्या पाण्यात रोज जाणाऱ्या माणसाचं ऐकायचं ही सवय त्या तरुण अभियंत्याला तिथेच लागली असावी, असं मला वाटतं.

कोकण रेल्वेसाठी पैसा उभा करण्याची पद्धतही नवी होती. सुरुवातीचं भागभांडवल ८०० कोटी रुपयांचं ठरलं. त्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. केरळातून या मार्गाचा एक मीटरही जात नाही, तरी केरळने पैसे घातले, कारण मुंबईत नोकरी करणाऱ्या मल्याळी माणसाचा गावचा प्रवास यामुळे लहान होणार होता. उरलेली रक्कम रोख्यांतून आली. रोखे घेणाऱ्याचा हिशेब साधा होता. मार्ग पूर्ण झाला तर गाड्या धावणार, गाड्या धावल्या तर पैसे परत मिळणार. अखेरीस खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला, आणि त्यात व्याजाचा बोजा मोठा होता. काम लांबलं की व्याज वाढतं. म्हणून या कंपनीत दिवसाची किंमत रेल्वेच्या कुठल्याही खात्यापेक्षा जास्त होती, आणि ती सगळ्यांना दिसावी अशी सोय श्रीधरन यांनी केली. कार्यालयांत आणि साईटवर उलटी घड्याळं लागली, काम संपायला किती दिवस उरले ते रोज एकेक दिवसाने कमी करत दाखवणारी. साहेब आणि शिपाई एकाच आकड्याकडे पाहत कामाला लागत.

आता बिलांविषयी, आणि इथे जरा थांबायला हवं. कारण बांधकामाच्या धंद्यातला अविश्वास सगळ्यात जास्त इथे पिकतो. कंत्राटदार काम करतो, मेजरमेंट बुकात मोजमाप चढतं, चालू बिल तयार होतं आणि मग ते टेबलाटेबलावरून फिरतं. एका ठिकाणी शंका निघते, दुसऱ्या ठिकाणी सही राहते, तिसऱ्या ठिकाणी टक्केवारी मागितली जाते. बिल तीन महिने अडकलं की पोटकंत्राटदाराचे पैसे अडकतात, त्याचे अडकले की मुकादमाची उचल थांबते, आणि मुकादमाची थांबली की मजुराला आठवड्याची खर्ची मिळत नाही. मग मजूर निघून जातो, नाहीतर उधारीवर जगतो. कंत्राटदार पुढच्या वेळी निविदा भरताना हा उशीर आणि ही टक्केवारी दरात धरूनच भरतो. जो धरत नाही, तो ती सिमेंटमधून नाहीतर सळईतून भरून काढतो. एकदा काँक्रीट ओतलं की आत किती सळई गेली आणि पाणी किती पडलं, हे ओतणाऱ्यालाच माहीत. तपासण्या होतात, ठोकळे फोडून बघितले जातात, तरी प्रत्येक घमेल्यावर नजर ठेवणारा निरीक्षक कुणालाच परवडत नाही. उरलेली जागा भरवशानेच भरावी लागते.

श्रीधरन यांनी ही साखळी वरच्या टोकाला धरली. त्यांच्या कारभारात, आधी कोकणात आणि पुढे दिल्लीत अधिक पक्केपणाने, बिल आलं की त्यातला मोठा भाग एक-दोन दिवसांत चुकता व्हायचा आणि उरलेला तपासणीनंतर थोड्याच दिवसांत. दिसायला ही लेखा विभागाची बाब, पण परिणाम थेट बोगद्याच्या तोंडापर्यंत पोहोचतो. ज्या कंत्राटदाराला पैसे वेळेवर मिळणार हे ठाऊक आहे, तो यंत्रं आगाऊ मागवतो, चांगला फोरमन टिकवतो आणि काम थांबवण्याची धमकी देत नाही. त्याच्याकडून मग कडक दर्जाही मागता येतो. पैसे अडकवून ठेवणाऱ्या मालकाला दर्जाविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार राहत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट निर्णयांची. मार्गाचे विभाग पाडून प्रत्येक विभाग एकेका मुख्य अभियंत्याच्या हवाली केला गेला. त्याला साईटवरचे निर्णय साईटवरच घेण्याची मोकळीक होती. प्रत्येक कागद बेलापूरच्या मुख्यालयात पाठवायची गरज नव्हती. सरकारी बांधकामात निर्णय न घेणं हा सुरक्षित मार्ग असतो. घेतलेल्या निर्णयाची चौकशी होऊ शकते, न घेतलेल्याची कधीच होत नाही. ही भीती घालवायची तर प्रमुखाने आधी सांगावं लागतं की प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकला तर मी तुझ्यामागे उभा आहे, आणि नुसतं सांगून भागत नाही, वेळ येताच उभं राहावं लागतं. मोठ्या संख्येने तरुण अभियंते या मार्गावर कामाला लागले, आणि ज्या जबाबदाऱ्या रेल्वेत वीस वर्षांच्या नोकरीनंतर मिळाल्या असत्या त्या त्यांच्या अंगावर पडल्या.

काम काय होतं ते पाहिलं तर या मोकळिकीचं महत्त्व कळतं. मार्गाची आखणी ताशी १६० किलोमीटर वेगासाठी झाली. चढ दीडशे मीटरांना एका मीटरहून जास्त नको, आणि वळणाची त्रिज्या १,२५० मीटरांहून कमी नको. सह्याद्रीच्या पायथ्याशी, डोंगरांच्या सोंडा एकामागून एक समुद्राकडे उतरतात अशा प्रदेशात, इतकी सरळ आणि सपाट वाट निसर्गात नाहीच. डोंगराला वळसा घालता येत नसेल तर त्यातून आरपार जायचं, दरीत उतरता येत नसेल तर तिच्यावरून जायचं. म्हणून ९१ बोगदे आले, लहान-मोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल आले. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. होन्नावरला शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरांहून लांब. आणि रत्नागिरीजवळच पानवल नदीवरचा पूल, ज्याची उंची सुमारे ६४ मीटर आहे.

पानवलच्या पुलाची रीत फार देखणी आहे. इतक्या उंचीवर खालून आधार देऊन सेंटरिंग करणं जवळजवळ अशक्य. म्हणून पुलाचा पृष्ठभाग दरीच्या एका काठावर तुकड्या-तुकड्यांनी ओतला, प्रत्येक तुकडा आधीच्याला जोडला आणि जॅकच्या जोराने सगळा धड इंच-इंच पुढे सरकवत एका खांबावरून दुसऱ्या खांबावर नेला. ४२४ मीटरांचा पूल असा ढकलत पलीकडे गेला. भारतात ही पद्धत प्रथमच वापरली जात होती. हातात दाखवायला आधीचं उदाहरण नसताना ती स्वीकारणं हाही एक निर्णयच होता, आणि कुणीतरी त्याखाली सही केली होती.

कठीण कातळातल्या बोगद्यांसाठी स्वीडनहून नऊ हायड्रॉलिक यंत्रं आणली गेली. कातळ कितीही कडक असला तरी तो शब्द पाळतो. सुरुंग उडाल्यावर छत कुठवर टिकेल याचा अंदाज बांधता येतो. खरी परीक्षा मऊ जमिनीत झाली. जांभ्याच्या थराखाली पाण्याने पुरती भिजलेली चिकणमाती असलेल्या भागांत नऊ बोगदे खणायचे होते. तिथे यंत्र चालत नाही. हाताने थोडं खोदायचं, लगेच लोखंडी कमान लावायची, काँक्रीट भरायचं, पुन्हा थोडं खोदायचं. अनेकदा खोदलेला भाग तासाभरात पुन्हा मातीने भरून जाई. या नऊ बोगद्यांनी चार वर्षं खाल्ली आणि १९ माणसं गिळली. गोव्याच्या सरहद्दीवरचा पेडण्याचा बोगदा सगळ्यात शेवटपर्यंत अडून बसला. दोन्ही बाजूंचा मार्ग तयार होऊनही अखंड गाडी सोडता येईना.

संपूर्ण बांधकामात ७४ जणांचा जीव गेला. या आकड्यापाशी कोणत्याही कौतुकाने थांबायला हवं. नेतृत्वाच्या गौरवगाथांत अशी माणसं बहुधा एका ओळीत आटोपतात. त्यातली बहुसंख्य माणसं घरापासून शेकडो कोस दूर कामाला आलेली. बांधकाम मजुरांसाठी सुरक्षा, कल्याण मंडळ आणि उपकर यांची तरतूद करणारा केंद्रीय कायदा १९९६ साली झाला, तोवर या मार्गाचं बरंचसं खोदकाम होऊन गेलं होतं. म्हणजे मजुराला कायद्याचं कवच फारच पातळ होतं आणि त्याची सुरक्षितता बरीचशी समोर उभ्या असलेल्या अभियंत्याच्या समजेवर आणि सचोटीवर अवलंबून होती. बोगद्यात मजूर साहेबाचं भाषण ऐकत नाही. छताखाली साहेब स्वतः उभा राहतो की नाही, आणि ‘माती हलतेय’ असं कुणी ओरडलं तर काम थांबवतो की हिशेब विचारतो, एवढंच तो पाहतो. काम थांबवू देणारा साहेब असेल तर माणसं पुन्हा आत जातात. रत्नागिरी स्थानकापाशी या मृत कामगारांच्या स्मरणार्थ ‘श्रमशक्ती स्मारक’ उभं आहे. त्या स्थानकावर उतरणाऱ्याने ते एकदा तरी पाहावं.

विश्वास सगळीकडे सारखा उभा राहिला असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. गोव्यात तो तुटला. मांडवी-जुवारीच्या खोऱ्यांतून, खाजन शेतांतून आणि जुन्या गोव्याजवळून जाणारी आखणी अनेकांना अमान्य होती. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध आणि मानशींनी, म्हणजे झडपेच्या दारांनी, अडवून शतकानुशतकं राखलेली शेती. तिथे रेल्वेचा भराव पडला की पाण्याची ये-जा बिघडेल ही भीती निराधार नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं. १९९२मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, तरी आंदोलन शमलं नाही. १९९३मध्ये गोव्यातलं काम थांबवून निवृत्त न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवावी लागली. चौकशीनंतर काम पुन्हा सुरू झालं. पण खटला जिंकणं आणि गाव जिंकणं यांत फरक आहे. महाराष्ट्रात लोकांना रेल्वे हवी होती. पन्नास वर्षं ते ती मागत होते. गोव्यात प्रश्न रेल्वे हवी की नको असा नव्हता, ती कुठून जावी हा होता. नकाशा आधी ठरवून मग लोकांपुढे ठेवला की उत्तम अभियंतासुद्धा संशयाच्या पिंजऱ्यात उभा राहतो. श्रीधरन यांच्या कारकिर्दीतला हा भाग मला त्यांच्या विजयांइतकाच शिकण्याजोगा वाटतो.

मुदतही पाळली गेली नाही. पाच वर्षांत, म्हणजे १९९५च्या सुमारास मार्ग पुरा व्हायचा होता. तयार होईल तो तुकडा मात्र लगेच लोकांच्या हाती दिला गेला. १९९३च्या मार्चमध्ये मंगळूरच्या बाजूला ठोकूर ते उडुपी, जूनमध्ये रोहा ते वीर, १९९५ साली वीर ते खेड, १९९६च्या डिसेंबरात खेडपासून सावंतवाडीपर्यंत. या टप्प्यांचा उपयोग तिकिटांच्या उत्पन्नापलीकडचा होता. जमीन देऊन बसलेल्या माणसाला, रोखे घेतलेल्या ठेवीदाराला आणि काम करणाऱ्या मजुराला धावती गाडी डोळ्यांनी दिसली. शेवटी पेडण्याचा बोगदा हाती लागला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर प्रवासी गाडी धावली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरच्यांना नोकरीत प्राधान्य देण्याचं धोरण कंपनीने ठेवलं, आणि आज या मार्गावर काम करणाऱ्यांत अशा घरांतली माणसं आहेत.

श्रीधरन तोवर दिल्ली मेट्रोवर गेले होते. तिथे त्यांनी कोकणातल्या सवयी शहरात रुजवल्या. उलटी घड्याळं आली, झटपट बिलं आली. शिवाय शहरी नागरिकांचा भरवसा कमवायला आणखी बारीकसारीक गोष्टी आल्या. निळ्या पत्र्यांच्या कुंपणाआड काम चाले, आणि साईटवरून बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुतल्याशिवाय तो रस्त्यावर येत नसे. चिखल रस्त्यावर सांडला नाही तर मेट्रो लवकर होते असं काही नाही. पण कुंपणापलीकडे आपल्याला न दिसणारं काम करणारी माणसं कशी असतील, याचा अंदाज रस्त्यावरचा माणूस त्या चाकांवरून बांधत असतो. २४ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा सुरू झाला, आणि ६५ किलोमीटरांचा पहिला चरण ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी पुरा झाला.

आणि मग १२ जुलै २००९ची पहाट आली. दक्षिण दिल्लीत जमरूदपूर इथे बांधकाम सुरू असलेल्या उन्नत मार्गाचा ६७ क्रमांकाचा खांब कोसळला आणि सहा जण दगावले, त्यांत एक अभियंताही होता. त्याच दिवशी श्रीधरन यांनी पत्रकारांसमोर येऊन नैतिक जबाबदारी स्वीकारली आणि राजीनामा दिला. त्या खांबात आधी तडे दिसले होते, रचनेत दोष असावा आणि त्यावर काम चालू होतं, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी राजीनामा नाकारला. दुसऱ्या दिवशी ढिगारा हलवताना त्याच जागी क्रेनही कोसळल्या. श्रीधरन कामावर परतले आणि २०११च्या अखेरपर्यंत राहिले.

राजीनाम्याने गेलेली माणसं परत येत नाहीत, आणि तडे दिसूनही हा अपघात का टळला नाही हा प्रश्न उरतोच. तरी या घटनेत मला एक मोलाची गोष्ट दिसते. बांधकामात अपघात झाला की दोष पाण्याच्या वेगाने खाली वाहतो: मालक कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार पोटकंत्राटदाराकडे, तो मुकादमाकडे, आणि शेवटी मेलेल्या मजुरानेच हेल्मेट घातलं नव्हतं असं निघतं. इथे सर्वांत वरच्या माणसाने चौकशी सुरू होण्याआधीच दोष स्वतःकडे ओढून घेतला. चौकशीतही मजुराच्या निष्काळजीपणाऐवजी रचनेतला दोष पुढे आला. वरचा माणूस दोष झाकत नाही हे एकदा कळलं की खालचा अभियंता पुढचा तडा लपवत नाही. तडा लपला नाही तर तो दुरुस्त होऊ शकतो. सुरक्षेच्या जाडजूड नियमावल्यांना हे साधत नाही.

कोकण रेल्वेची स्वतःची कसोटी मार्ग पूर्ण झाल्यावरही संपली नाही. पावसाळ्यात इथे सलग धार लागते, आणि कटाई करून उभे केलेले डोंगरांचे काठ सुटू लागतात. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर सुट्टीची विशेष गाडी आदळून ५०हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी १६ जूनला महाडजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला दरडीमुळेच अपघात होऊन दहाहून अधिक जण गेले. ज्या मार्गाचा देशभर गौरव झाला होता, त्यावर पावसात बसायला माणसं घाबरू लागली. वेगाने आणि काटकसरीने केलेल्या कटाईचे उतार जागोजाग जास्तच उभे राहिले होते, हे मान्य करावं लागलं.

तिथून पुढे झालेलं काम कुणाच्या नावावर नाही आणि त्याचं उद्घाटनही झालं नाही. कटाईचे उतार कमी केले, दगड अडवायला लोखंडी जाळ्या लावल्या, मोकळ्या मातीवर झाडोरा धरवला, निसरड्या जागा हेरून तिथे चोवीस तास पहारा बसवला. पाऊस मोजणारी यंत्रं स्थानकांवर आली. पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक आलं, ज्यात गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवला जातो आणि प्रवासाला जास्त वेळ लागतो. शेकडो कर्मचारी पावसात रुळांच्या कडेने गस्त घालतात. पेडण्याचा बोगदा अजूनही स्वभावावर जातो. ऑगस्ट २०२०मध्ये त्याच्या भिंतीचा भाग ढासळला, जुलै २०२४मध्ये पाणी आणि चिखल आत आल्याने वाहतूक बंद ठेवावी लागली. दोन्ही वेळा गाड्या थांबवल्या, वळवल्या, प्रवाशांचे हाल झाले, आणि दुरुस्ती झाल्यावरच मार्ग खुला झाला.

या पावसाळी नियमांपैकी एक मला विशेष वाटतो. जोराच्या पावसात समोरचं नीट दिसेनासं झालं की चालकाने गाडी ताशी ४० किलोमीटरांवर आणायची अशी त्याला सूचना असते. त्यासाठी त्याला बेलापूरला विचारावं लागत नाही. समोरचा मार्ग दिसतो की नाही हे त्या क्षणी केबिनमधल्या माणसालाच माहीत असतं, म्हणून गाडी कधी सावकाश करायची हे ठरवण्याचा अधिकारही त्यालाच दिलेला आहे. गाडी मडगावला दोन तास उशिरा पोहोचली तरी चालेल.